गेटवरची रांग रस्त्यावर येऊ नये म्हणून: गोदामाच्या आवारात गाड्यांची ये-जा कशी आखावी

माझ्या पहिल्याच कामात एक पावसाचा पाइप आणि प्लिंथचा, म्हणजे इमारतीच्या जोत्याचा, कोपरा गेला. रबाळ्यातलं गोदाम होतं. इमारतीच्या बाजूने सहा मीटरचा रस्ता सोडलेला, ट्रेलरची रुंदी अडीच मीटर. म्हणजे दुपटीहून जास्त जागा आहे, असं मी नकाशावर बघून ठरवलं. पहिला चाळीस फुटी कंटेनर आला, सरळ रस्त्यावर मजेत गेला आणि कोपऱ्यावर वळताना त्याची मागची चाकं प्लिंथवर चढली. ड्रायव्हर खाली उतरला, तुटलेल्या पाइपकडे बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, गाडी बसंल हो, पण कोपरा न्हाई ऱ्हायचा."

तेव्हापासून आवाराचा नकाशा आला की मी आधी गाडी बघते, मग इमारत. हा लेख त्यांच्यासाठी आहे ज्यांच्या गळ्यात हे काम नव्यानेच पडलंय: आर्किटेक्टच्या ऑफिसातली नवी मंडळी, पहिलं गोदाम चालवायला घेतलेला व्यवस्थापक, नवी मुंबईच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यात नाहीतर ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये प्लॉट घेतलेला छोटा कारखानदार. मॉल, शोरूम, घाऊक बाजार यांनाही यातलं बरंच लागू पडतं, पण माझा अनुभव मालाच्या गाड्यांचा, त्यामुळे उदाहरणं तिथलीच येतील.

पहिली पायरी: गेटवर उभं राहा

नकाशा उघडण्याआधी एक आठवडा गाड्या मोजा. जागा नवीच असेल तर त्याच धंद्याच्या शेजारच्या गेटवर चहा पीत बसा. वॉचमन दोन दिवसांत सगळं सांगतो. प्रत्येक गाडीच्या चार गोष्टी लिहायच्या: कोणती गाडी, कधी आली, गेटवर किती मिनिटं उभी राहिली, डॉकवर, म्हणजे माल चढवायच्या-उतरवायच्या ओट्याला, किती वेळ लागली. एका वहीत उभ्या रेघा मारल्या की झालं, यासाठी अॅप नको.

"दिवसाला तीस गाड्या येतात," एवढं ऐकून आखणी करू नका. तीस गाड्या दहा तासांत सारख्या वाटून कधीच येत नाहीत. ठाणे-नवी मुंबईत गर्दीच्या वेळी बऱ्याच रस्त्यांवर अवजड वाहनांना बंदी असते. वेळा वाहतूक पोलिसांच्या अधिसूचनेप्रमाणे बदलतात, त्यामुळे ताजी अधिसूचना भिंतीवर लावून ठेवा. बंदी उठली की अडकलेल्या गाड्या एकदम सुटतात. न्हावाशेव्याच्या बंदरातून निघालेले कंटेनर तर हमखास जोडीने-तिघाने येतात. तुमचं आवार दिवसाच्या बेरजेवर कोलमडत नाही, त्या एका तासावर कोलमडतं.

दुसरी पायरी: गाडीचं माप

छोटा हत्ती (टाटा एस) 3.8 मीटर लांब आणि दीड मीटर रुंद असतो. तो कुठेही बसतो, म्हणूनच कुठेही घुसतो. बत्तीस फुटी बंद बॉडीची गाडी केबिन धरून साधारण 12 मीटर. चाळीस फुटी कंटेनर स्वतः 12.19 मीटर लांब, पण पुढच्या ओढणाऱ्या गाडीसकट ट्रेलर साधारण 16 मीटरवर जातो. उंचीही बघा. साधा कंटेनर 2.59 मीटर उंच, जास्त उंचीचा म्हणजे हाय-क्यूब जवळजवळ 2.9. खाली ट्रेलरचा सांगाडा दीडेक मीटर धरला तर हाय-क्यूबचा माथा साडेचार मीटरच्या आसपास जातो. गेटवर कंपनीच्या नावाची कमान घालायची हौस असेल तर तिची खालची कड निदान पाच मीटरवर ठेवा. जमलं तर कमानच नको.

आता माझ्या पाइपची गोष्ट. ट्रेलर वळताना पुढची चाकं बाहेरच्या वर्तुळावर जातात आणि मागची आत कापतात. युरोपातल्या नियमाप्रमाणे गाडी 12.5 मीटर त्रिज्येच्या बाहेरच्या आणि 5.3 मीटरच्या आतल्या वर्तुळात वळली पाहिजे. वजाबाकी करा: अडीच मीटरच्या गाडीला वळणावर 7.2 मीटरचा पट्टा लागतो. आपल्याकडे तेवढ्यात भागेल असं गृहीत धरू नका. मी कोपऱ्यावर आठ मीटर मागते आणि आतला कोपरा गोल करून घेते. सरळ भागात ट्रेलरच्या एकेरी वाटेला साडेचार मीटर पुरतात, दुहेरीला साडेसात. जागा कमी असेल तर सरळ भागातली काढून वळणाला द्या. उलटं केलं की प्लिंथ जाते.

इथे नवख्यांची एक फसगत होते. राज्याच्या 2020 च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत माल वाहनासाठी दाखवायची जागा किमान 3.75 बाय 7.5 मीटरची आहे. ती मंजुरीसाठी. सोळा मीटरचा ट्रेलर त्यात अर्धाही मावत नाही. नकाशा पास झाला म्हणजे गाडी बसली, असं नाही. शिवाय टीटीसी किंवा तळोज्यातला प्लॉट एमआयडीसीचा असतो आणि एमआयडीसीची स्वतःची नियमावली आहे. महापालिकेच्या हद्दीतल्या कामाचा नमुना डोळे झाकून तिथे उचलू नका.

तिसरी पायरी: दिशा ठरवा, आणि ती घड्याळाची ठेवा

हे एकच कळलं तरी निम्मं काम झालं, म्हणून जरा सावकाश सांगते.

रस्त्यावर उभं राहून प्लॉटकडे तोंड करा. आपण डावीकडून गाडी चालवतो, त्यामुळे प्लॉटला लागून असलेल्या लेनमधली गाडी तुमच्या डावीकडून उजवीकडे जाते. तिला आधी डाव्या हाताचं गेट लागतं. ते आत येण्याचं. उजव्या हाताचं बाहेर जाण्याचं. गाडी पहिल्या गेटला डावीकडे वळून आत शिरते, इमारतीला घड्याळाच्या काट्याच्या दिशेने वळसा घालते आणि दुसऱ्या गेटला पुन्हा डावीकडे वळून रस्त्याला लागते. आत येणारी आणि बाहेर पडणारी गाडी एकमेकींना कुठेच आडव्या जात नाहीत. गेटं उलटी ठेवली तर बाहेर पडणारा ट्रेलर आत यायच्या रांगेच्या तोंडातच शिरतो, आणि मग दोघांचे हॉर्न पार स्टेशनपर्यंत ऐकू येतात.

दुसरं कारण ड्रायव्हरच्या खिडकीचं आहे. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो. घड्याळाच्या दिशेने फिरताना इमारत आणि डॉक त्याच्या उजव्या हाताला राहतात. तो डॉकच्या पुढे जातो, तोंड थोडं डावीकडे काढतो आणि खिडकीतून मान बाहेर घालून शेपूट उजवीकडे टाकत रिव्हर्स घेतो. मागचं चाक, डॉकची कड, मध्ये कोणी उभा असेल तर तोही, सगळं त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. उलट्या दिशेने फिरवलं तर शेपूट डावीकडे जाते. ती आंधळी बाजू. तिथे ड्रायव्हर आरशावर आणि क्लीनरच्या "येऊ दे, येऊ दे, बास!"वर अवलंबून असतो. आता कित्येक गाड्यांवर क्लीनरच नसतो.

प्लॉटला एकच गेट असेल तरी तत्त्व तेच. आत शिरताना डावी लेन येण्याची, उजवी जाण्याची, आतला वळसा घड्याळाचा. फक्त गेट रुंद हवं. ट्रेलर येणार असतील तर मी बारा मीटरच्या खाली येत नाही. कारण गेटबाहेरचा रस्ता नकाशात दिसतो तेवढा कधीच मोकळा नसतो. एमआयडीसीच्या आतल्या रस्त्यांवर दोन्ही बाजूंना ट्रक लागलेले असतात, आणि वळायला समोरची लेन मिळेल या भरवशावर काढलेलं गेट पहिल्याच दिवशी अडतं. दुसरं गेट काढायचं ठरलं तर बाहेरच्या पावसाळी गटारावर स्लॅब टाकावी लागते, त्याची परवानगी आधी घ्या. भिंत फोडून मग अर्ज करणारे मी पाहिलेत.

वळसाच घालता येत नसेल, तीन बाजूंनी भिंत असेल, तर गाडी वळवायची मोकळी जागा डॉकसमोर सोडा आणि एक नियम पाळा: रिव्हर्स घ्यायची ती आवारातच. रस्त्यावरून उलट्या तोंडाने गेटात शिरणं कितीही सोयीचं वाटलं तरी नाही.

चौथी पायरी: गेटचं गणित

कागद घ्या. समजा बंदी उठल्यावर 11 ते 12 या तासात वीस गाड्या येतात. गेटवर गाडीचा नंबर लिहायचा, चलान बघायचं, ई-वे बिल तपासायचं, ड्रायव्हरचं लायसन्स, मग आत फोन: "अमुक गाडी आलीय, घेऊ का?" पाच मिनिटं सहज जातात. तासाला बारा गाड्या आत. आठ बाहेर. गाडी सरासरी बारा मीटर आणि दोन गाड्यांमध्ये दोन मीटर धरले तर 112 मीटरची रांग रस्त्यावर उभी राहते. म्हणजे शेजारच्या दोन-तीन कंपन्यांची गेटं बंद, आणि तुमच्या नावाने शंख.

गेटवर वेळ तीन मिनिटांवर आणला तर तासाला वीस गाड्या बसतात. कागदावर हिशेब जुळला, पण गाड्या दर तीन मिनिटांनी शिस्तीत येत नाहीत, म्हणून रांग लागतेच. माझा उपाय असा: रस्त्याजवळ फक्त नंबर बघायचा, एक मिनिट. कागदांची खिडकी आत चाळीसेक मीटरवर न्यायची, आणि तिच्या बाजूला दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतील एवढी जागा ठेवायची. एखाद्याचं चलान चुकलं तर त्याला बाजूला घेता येतं, मागचे खोळंबत नाहीत. अडथळ्याचा दांडा रस्त्याच्या कडेला कधीच लावू नका. निदान एक पूर्ण ट्रेलर, म्हणजे 18 ते 20 मीटर आत लावा. दांड्यासमोर थांबलेल्या गाडीची शेपूट रस्त्यावर राहू नये, एवढाच त्याचा अर्थ.

वजनकाटा असेल तर तो खिडकीच्या पुढे, आणि काट्याच्या दोन्ही बाजूंना एकेक गाडीची लांबी सरळ. वळता वळता काट्यावर चढलेली गाडी नीट बसत नाही, पुन्हा मागे-पुढे करावी लागते आणि काट्याच्या कडेचा अँगल वाकतो. काटा नको असलेल्या गाड्यांना बाजूने वाट ठेवा.

पाचवी पायरी: डॉक किती, आणि त्यांच्यासमोर जागा किती

गेट झटपट केलं की रांग संपत नाही, आत येते. म्हणून गेटचा आणि डॉकचा हिशेब एकाच कागदावर करायचा.

दिवसाला तीस गाड्या, प्रत्येकीला डॉकवर दीड तास. एकूण 45 तास. शिफ्ट दहा तासांची, पण माथाडी टोळीचं जेवण, चहा आणि शिफ्टची सुरुवात-शेवट धरून दीड तास वजा करा, उरले साडेआठ. 45 भागिले साडेआठ म्हणजे 5.3, म्हणून सहा डॉक. आता तो 11 ते 12चा तास पुन्हा आठवा: वीस गाड्या आल्या, सहा डॉकवर लागल्या आणि दीड तास हलणार नाहीत. चौदा गाड्या थांबायला कुठे? इथे दोनच रस्ते आहेत. एकतर चौदा गाड्यांची थांबायची जागा, किंवा गाड्यांना वेळा वाटून देणं. नवी मुंबईतल्या जमिनीच्या भावात पहिला पर्याय क्वचितच परवडतो. वाहतूकदाराला आदल्या संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर वेळ द्या, अर्ध्या तासाची सवलत ठेवा आणि वेळेवर आलेल्या गाडीला खरंच आधी घ्या. हे शेवटचं पाळलं नाही तर आठवड्यात सगळे पुन्हा अकरा वाजता येऊन उभे राहतात. सगळी गर्दी निघणार नाही, म्हणून चार-पाच थांबे तरीही ठेवाच.

डॉकसमोरच्या मोकळ्या जागेचा साधा ठोकताळा: गाडीच्या लांबीची दुप्पट, वर दोन-तीन मीटर. ट्रेलरला डॉकच्या कडेपासून 35 मीटर, बत्तीस फुटीला 26-27. ही जागा म्हणजे वाया गेलेली जागा असं मालकांना वाटतं आणि पुढच्या वर्षी तिथे पत्र्याची शेड उभी राहते. एवढी खोली नसेल तर डॉक तिरके करा. खोली वाचते, पण भिंतीची लांबी जास्त लागते आणि गाडी एकाच दिशेने येऊ शकते. म्हणून तिसऱ्या पायरीआधी डॉक तिरके करायचे नाहीत.

डॉकची उंची साधारण 1.2 मीटर ठेवतात, ती मोठ्या गाड्यांना जमते. छोट्या हत्तीचं फाळकं त्याहून बरंच खाली असतं. छोट्या गाड्यांना डॉक नकोच. एका कोपऱ्यात, शक्यतो गेटच्या जवळ, जमिनीवर माल उतरवायची वेगळी जागा द्या. नाहीतर पाच खोक्यांसाठी आलेला टेम्पो ट्रेलरच्या डॉकवर तासभर बसतो. वाशीच्या एपीएमसीत कांदा-बटाटा, फळं, भाजी, मसाला आणि धान्य यांचे पाच बाजार वेगवेगळे आहेत. प्रत्येक मालाची गाडी वेगळी, वेळ वेगळी, उतरवायची पद्धत वेगळी. एकदा पहाटे जाऊन भाजीचं आणि दुपारी धान्याचं आवार बघून या, मी काय म्हणते ते डोळ्यांनी दिसेल.

सहावी पायरी: चालणारी माणसं

तुर्भे, घणसोली, रबाळे स्टेशनांवरून माणसं शेअर रिक्षाने येतात आणि तुमच्या गेटातून चालत आत जातात. त्यांना गाड्यांच्या गेटातून आणू नका. भिंतीत एक मीटरचं वेगळं दार काढा, आणि ते त्या बाजूला काढा जिथे रिक्षा खरोखर थांबते. नकाशावर शोभणाऱ्या दारापेक्षा माणूस नेहमी जवळची वाट धरतो. दुचाकींचा स्टँड याच दाराजवळ, गाड्यांचा वळसा न ओलांडता पोचता येईल असा. डॉकसमोरची जागा ओलांडून कॅन्टीनला जावं लागत असेल तर कॅन्टीन हलवा. पिवळे पट्टे मारून ते सुटत नाही. वेगाची पाटी ताशी दहा किलोमीटरची लावा, पण गाडी हळू होते ती पाटीमुळे नाही, वळणामुळे आणि गतिरोधकामुळे.

आणि ड्रायव्हरसाठी संडास, प्यायचं पाणी आणि सावलीतला बाक थांब्यांच्या शेजारीच ठेवा. ते नसलं की ड्रायव्हर गाडी लावून बाहेरच्या टपरीवर जातो, त्याचा नंबर येतो तेव्हा सापडत नाही, आणि डॉक वीस मिनिटं रिकामा राहतो.

सातवी पायरी: बंब

इमारतीभोवती सहा मीटरची वाट आणि वळायला नऊ मीटरची त्रिज्या अग्निशमनाच्या गाडीसाठी राखा. जमीन 45 टन पेलणारी हवी. आवाराखालची पाण्याची टाकी बहुतेक वेळा याच वाटेत येते, म्हणून तिची स्लॅब आणि झाकणं त्याच वजनाला करून घ्या. या वाटेवर रिकामी पॅलेट रचायची नाहीत. रचली जातात, म्हणून रोज कोणीतरी बघायचं.

आठवी पायरी: जमीन आणि पाऊस

या पट्ट्यात वर्षाला साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत. ट्रेलरच्या मागच्या तीन जोड चाकांना वळताना फरफटत जावं लागतं. पेव्हर ब्लॉक असतील तर पहिल्या पावसाळ्यात वळणावरचे उखडतात. वळणं आणि डॉकसमोरची जागा काँक्रीटची करा, पेव्हर दुचाकींच्या स्टँडला ठेवा. पाण्याचा उतार शंभराला एक पुरे, पण तो डॉकपासून बाहेर जाणारा हवा. डॉककडे उतार दिला की माल उतरवणारी टोळी घोटाभर पाण्यात उभी राहते. तळघरात गाड्या जाणार असतील तर रॅम्प दहाला एक ठेवा, तोंडाशी छोटा उंचवटा आणि आडवी जाळी द्या, म्हणजे रस्त्यावरचं पाणी खाली उतरणार नाही.

नववी पायरी: फक्की

काँक्रीट ओतण्याआधी हे कराच. महाप्यातल्या एका प्लॉटवर आम्ही रविवारी सकाळी क्रिकेटच्या मैदानावर आखतात तशी फक्कीने सगळी आखणी जमिनीवर उतरवली: गेटचे खांब, इमारतीचा कोपरा, डॉकची कड, काटा. खांबांच्या जागी रिकामे ड्रम ठेवले. एका वाहतूकदाराचा रिकामा कंटेनर चढवलेला ट्रेलर दोन तासांसाठी भाड्याने घेतला. ड्रायव्हरला काहीच समजावून सांगितलं नाही, फक्त म्हटलं, "काका, सहा नंबरच्या डॉकला लावा."

पहिल्या फेरीत त्यांनी आतल्या कोपऱ्याची फक्की हातभर आत कापली आणि एक ड्रम आडवा केला. दुसऱ्या फेरीत डॉकला लागायला त्यांना चार वेळा मागे-पुढे करावं लागलं. आम्ही गेटचा खांब दीड मीटर सरकवला, कोपरा आणखी गोल केला आणि सहावा डॉक पुढे ढकलला. तिसऱ्या फेरीला काका एका झटक्यात लागले. मग त्यांनी आपणहून विचारलं, "शेजारी पाचव्यावर गाडी असंल तेव्हा काय करायचं?" हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. चार ड्रम पाचव्या डॉकवर गाडीच्या आकारात ठेवले आणि चौथी फेरी घेतली. लागली, पण आरसा ड्रमपासून वीतभरच लांब राहिला. दोन डॉकच्या मध्यांमधलं अंतर आम्ही साडेतीनवरून चार मीटरवर नेलं. सहाचे पाच डॉक झाले, मालक दोन दिवस बोलले नाहीत, आणि सहाव्या डॉकच्या जागी एक थांबा निघाला.

ड्रम हलवण्याआधी प्रत्येक चाकाच्या खुणेचा फोटो काढून ठेवा, टेपसकट. काँक्रीटवाला सोमवारी येतो तेव्हा फक्की उडालेली असते.